नाताळचे दप्तर

सारी उमर मामलेदार कचेरीतील कारकुनीत घालविलेल्या गृहस्थाच्या हाती एखादा सण सोपविला असता त्या सणाची काय अवस्था होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने आमच्या लहानपणी डिसेंबरच्या पहिल्या तारखेस नगरच्या आमच्या घरी यावयास हवे होते. त्या दिवशी दिवेलागणीची प्रार्थना आटोपली, की आमचे तीर्थरूप भिंतीतल्या फडताळातून तांबड्या खारव्यात बांधलेले एक दप्तर बाहेर काढीत, त्याची गाठ सावकाश सोडीत आणि ‘नाताळ : आवक-जावक’ अशी ठसठशीत अक्षरे वर असलेली एक लांबट वही जाजमावर उघडून ठेवीत. इतर ख्रिस्ती घरांत नाताळचा आरंभ दारात तारा टांगून होतो. आमच्याकडे तो खतावणीने होई, आणि ताऱ्याला मागाहून मंजुरी मिळे.

आईला हा प्रकार प्रथमपासून नापसंत होता. सणासुदीला कसले आले आहे वहीखाते, असे तिने एकदा विचारले, तेव्हा तीर्थरूपांनी चष्मा कपाळावर चढवून जे उत्तर दिले त्याला तोड अद्याप कोणी काढलेली नाही. “पहिला नाताळ मुळी दप्तरामुळेच झाला,” ते म्हणाले. “कैसर औगुस्ताने मुलखाची नावनिशी करण्याचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि मरीया आपल्या मूळगावी रुजू झाली. तो हुकूम निघाला नसता, तर प्रभूचा जन्म नासरेथातच होता आणि संदेष्ट्यांनी लिहून ठेवलेले सारे कागद फायलीतच राहते.” लुकाच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचा इतका महसुली अर्थ आमच्या मंडळीच्या कोणाही पाळकाने कधी लावला नव्हता, आई करंजीच्या सारणात पुन्हा उलथणे फिरवू लागली, आणि वही कायम झाली.

त्या वहीत सहा रकाने होते : अनुक्रमांक, नाव, मुक्काम, गतवर्षी पाठविले किंवा कसे, गतवर्षी आले किंवा कसे, आणि शेरा. ज्यांच्याकडून लागोपाठ तीन वर्षे नाताळचे कार्ड आले नाही त्यांचे नाव खारीज करावे, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर तीर्थरूपांच्या सहीनिशी लिहिलेला होता. मात्र तो अमलात आल्याचे मला आठवत नाही. नाव खोडण्यासाठी टाक उचलला जाई न जाई, तोच स्वयंपाकघरातून आवाज येई, “त्यांच्याकडे औंदा आजारपण होते म्हणे”, किंवा “त्यांच्या मुलीचे लग्न निघाले होते, कुठून आठवण राहणार?” टाक पुन्हा दौतीत जाई आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘तूर्त तहकूब’ ही अक्षरे उमटत. राहुरीच्या एका मास्तरांच्या नावापुढे ‘तूर्त तहकूब’ नऊ वेळा आहे.

आता गंमत अशी, की शुभेच्छापत्र ही वस्तू ज्या गृहस्थाने प्रथम प्रचारात आणली त्याचा हेतू आमच्या तीर्थरूपांच्या हेतूच्या अगदी उलट होता. लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक उद्योगी सरकारी नोकर होते. 1840 साली इंग्लंडात एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले, त्या सुधारणेच्या कामात कोलसाहेबांनीही कंबर कसली होती, आणि तिचे फळ त्यांना लौकरच भोगावे लागले. म्हणजे असे, की पत्र स्वस्त झाल्यामुळे जो तो त्यांना नाताळात पत्र पाठवू लागला आणि उत्तर न देणे हा त्या समाजात असभ्यपणा होता. तेव्हा 1843 साली त्यांनी हॉर्स्ले नावाच्या आपल्या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती दगडी छापावर काढून हाताने रंगवून घेतल्या, आणि उत्तरांच्या जाचातून मान सोडविली. उरलेल्या प्रती एकेका शिलिंगाला विकावयास ठेवल्या. शिलिंगाच्या पेनी बारा. म्हणजे पत्राच्या टपालखर्चाच्या बारापट किंमत देऊन लोकांनी आळस विकत घ्यावा, अशी ती योजना होती. चित्रात मध्यभागी एक सुखवस्तू कुटुंब मद्याचे पेले उंचावून बसले आहे आणि त्यात एका अजाण पोरीच्याही तोंडाला पेला लावलेला आहे, हे पाहून तिकडच्या दारूबंदीवाल्यांनी बराच गहजब केला. अमेरिकन मिशनच्या शिस्तीत वाढलेल्या आमच्या घरी ते कार्ड आले असते, तर ते आवकेत न लिहिता परस्पर चुलीत गेले असते. तरीही त्यातील एक गोष्ट तीर्थरूपांना मनापासून आवडली असती, ती ही की कार्डावर ‘प्रति’ आणि ‘पासून’ अशा दोन कोऱ्या जागा भरण्यासाठी सोडलेल्या होत्या. माणुसकीचा छापील फॉर्म, तो हा.

तेव्हा, श्रम वाचविण्यासाठी कोलसाहेबांनी जी युक्ती काढली तिच्यात पुन्हा सगळे श्रम, व्याजासुद्धा, भरून काढण्याचे काम एक शतकानंतर नगरास आमच्या ओसरीवर चालले होते. तीर्थरूपांचे म्हणणे असे, की विकतचे कार्ड पाठविणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सलाम सांगणे. याच्या मागे काटकसर होती असे आई म्हणे. परंतु त्या पंधरा दिवसांत घरात जितकी शाई, कागद, मैदा आणि शांतता खर्च होई, तिचा हिशेब केला तर बाजारातील सोनेरी कडेची कार्डे स्वस्त पडली असती. तो हिशेब मात्र वहीत नाही.

कागद येई तो परिचयाच्या एका छापखान्यातून, लग्नपत्रिकांच्या कातरणातून. साहजिकच तो गुलाबी असे. त्यामुळे आमच्या नाताळातले बर्फ गुलाबी होते. बर्फ काढावयाचे की नाही यावर दरवर्षी कज्जा होई; ज्याने नगरच्या उन्हाळ्यात पाणपोईपुढे रांग लावली आहे त्याने बर्फाळ टेकड्या रंगवाव्यात हे थोतांड आहे असे थोरल्या ताईचे मत होते, आणि परदेशी कार्डे पाहून बिघडलेला मी म्हणे की बर्फावाचून नाताळ ओळखू कसा येणार? अखेर पिंजाऱ्याकडून आणलेल्या कापसाचे बोळे मैद्याच्या खळीने डकवून मधला मार्ग काढण्यात आला. खळ झुरळांना प्रिय असल्यामुळे निम्मे बर्फ पत्ता लिहिण्यापूर्वीच वितळलेले असे. परदेशी कार्डांवर तांबड्या छातीचा रॉबिन पक्षी फार. व्हिक्टोरिया राणीच्या काळी तिकडच्या टपालवाल्यांना तांबडा गणवेश असे आणि लोक त्यांना ‘रॉबिन’ म्हणत, तेथून तो पक्षी कार्डांवर येऊन बसला. तीर्थरूपांनी एके वर्षी स्वदेशीचा आग्रह धरून त्याच्या जागी बुलबुल नेमला. बुलबुलाचा तांबडा रंग छातीवर नसून अन्यत्र आहे, ही गोष्ट चाळीस कार्डे रंगवून झाल्यावर पाळकबाईंनी नजरेस आणून दिली, आणि त्या वर्षी पक्षी हा विषय कायमचा दप्तरदाखल झाला.

बेथलेहेमचा तारा काढण्याचे काम धाकट्या भावाकडे होते. 1949 साली झेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोव्हा नावाच्या सात वर्षांच्या मुलीने, युद्धानंतरच्या टंचाईत कागद मिळेना म्हणून, काचेवर एक चित्र काढले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीने तेच आपले पहिले शुभेच्छापत्र म्हणून छापले. ही वार्ता तीर्थरूपांनी कोठे तरी वाचली आणि सात वर्षांचा मनुष्य कामास लावता येतो, याचा त्यांना आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला. भाऊ नुकताच सात वर्षांचा झाला होता. त्याला चित्रकला येत नसल्यामुळे ठशांचे खाते देण्यात आले. ठसा कशाचा, तर भेंडीचा. देठाकडून दोन बोटे भेंडी आडवी कापली की तिच्या तोंडावर निसर्गतःच पाच पाकळ्यांचा तारा असतो. तो बशीतल्या शाईत बुडवून कागदावर उठवावयाचा. उरलेली भेंडी वाया घालविणे आमच्या घरी पाप होते, म्हणून त्या पंधरवड्यात सकाळ-संध्याकाळ भेंडीची भाजी होई, आणि आज इतक्या वर्षांनीही मला भेंडी वाढली की ताऱ्यामागून आलेल्या मागी लोकांची आठवण येते. भेंडीचा एक दोष असा, की ठसा उचलताना तिचा चिकट तंतू लांबत जाऊन ताऱ्याला शेपूट फुटे. बेथलेहेमच्या मूळ ताऱ्याचा उलगडा करण्यासाठी केप्लरसारख्या ज्योतिर्विदाने गुरू-शनीच्या युतीचे गणित मांडले. भेंडीचा विचार त्याला सुचला नाही.

उंट माझ्याकडे होते. नगरात उंट क्वचित दिसे, आणि दिसे तोही चालता. तेव्हा मी तीर्थरूपांच्या कॅमल शाईच्या बाटलीवरून उंट उतरवून घेई. मुंबईच्या दांडेकरांनी आपल्या शाईला नाव उंटाचे दिले ते आमच्या सोयीसाठीच, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. बाटलीच्या चिठ्ठीवरचा उंट अंगठ्याएवढा, आणि त्याच्यावर बसवावयाचे मागी ताईने पुस्तकातून काढलेले चांगले वीतभर. परिणामी असे वाटे, की पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष उंटावर बसून आलेले नसून उंटाला हाताशी धरून शाळेत पोहोचवीत आहेत. एके संध्याकाळी पाळकसाहेब चहाला आले असता त्यांनी ही कार्डे चाळली आणि सौम्यपणे म्हटले, “मत्तयाच्या शुभवर्तमानात उंटाचा उल्लेख नाही बरे का. मागी तीन होते असेही लिहिलेले नाही.” ओसरीवर एकदम शांतता पसरली. ज्याची नोंद नाही असा एक प्राणी आपल्या दप्तरातून दरवर्षी चाळीस प्रतींत जावक होत आला आहे, हा आघात कोणत्याही अव्वल कारकुनाला सहज सोसण्यासारखा नव्हता. तीर्थरूप बराच वेळ बशीतला चहा फुंकीत राहिले. मग म्हणाले, “पूर्वेकडून आले एवढे तर लिहिले आहे ना? पूर्वेकडून म्हणजे आपल्याच बाजूने. चालत तर खास आले नसतील.” उंट वाचला.

फराळाविषयी फार लिहीत नाही; करंज्या, अनारसे, चकल्या आणि रव्याचे लाडू जसे कोणत्याही मराठी घरी होतात तसेच आमच्याही घरी होत, आणि दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेले ताट आई नाताळात भरून परत करी. केक तेवढा घरचा नसे. त्याचे पीठ घरी फेटून डब्यात भरून बेकरीच्या भट्टीत नेऊन द्यावे लागे, आणि भट्टीतून सगळे डबे सारखेच काळे होऊन निघत असल्यामुळे आपला केक म्हणून जो खाल्ला तो आपला होता, असे शपथेवर सांगणारा मनुष्य आमच्या आळीत नव्हता. झाडाच्या जागी सुरूची फांदी असे. आणि चोवीस तारखेच्या रात्री पेट्रोमॅक्सची बत्ती, पेटी, ढोलकी व झांजा घेऊन निघालेली गाणारी मंडळी पहाटेपर्यंत घरोघर हिंडे, तिच्यापुढे मुले आणि मागे कुत्री. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पद्यांनी नगरच्या ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात मराठी चाली इतक्या खोल रुजविल्या आहेत, की विलायती कॅरल सुरू केले तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत त्याचे भजन झालेले असे. ज्या सणाचे नावसुद्धा आम्ही पोर्तुगिजांकडून उचलले, त्याच्या बाबतीत कोणी सोवळेपणा करू नये हे बरे.

कार्डे पंधरा तारखेस टपालात पडत. पाकिटाचे झाकण न चिकटविता आत खोचावे आणि कोपऱ्यात ‘बुकपोस्ट’ लिहावे, म्हणजे टपाल स्वस्तात जाई, असा शिरस्ता होता. परंतु आमच्या कार्डांतील मैद्याची खळ आणि भेंडीचा रस यांना शिरस्ता ठाऊक नव्हता. वाटेत ओल लागून झाकण आपोआप चिकटे, टपालखाते त्यास बंद पत्र समजे, आणि घेणाऱ्याला आमच्या शुभेच्छा दुप्पट हाशील भरून सोडवून घ्याव्या लागत. राहुरीच्या मास्तरांच्या मौनाचे मूळ तेथे असावे, असा मला पुढे संशय आला.

या सर्व व्यवहारात एक खाते असे होते, की त्याने वहीला जेरीस आणले. ते आमच्या शांताआत्याचे. आत्या जालन्यास असे, जेथून जवळच रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकात वसविली. ती विधवा होती, कन्याशाळेत शिवण शिकवी, आणि काटकसरीत तीर्थरूपांची थोरली बहीण शोभे. दरसाल तिचे कार्ड नियमाने येई. पण ते उघडताच तीर्थरूपांची मुद्रा पालटे, कारण ते आमचेच गतवर्षीचे कार्ड असे. आतील मजकुरावर शिवणाच्या कातरीने नेमका कापलेला कोरा कागद डकवून तिने त्यावर आपल्या शुभेच्छा लिहिलेल्या असत, आणि बाहेर तोच गुलाबी बर्फ, तोच शेपटीचा तारा, माझाच अंगठ्याएवढा उंट. प्रश्न शिष्टाचाराचा नव्हता, दप्तराचा होता. हे कार्ड आवक धरावे, की जावक झालेला कागद परत आला असे समजावे? आवक धरले तर एकच दस्तऐवज दोन्ही बाजूंना लागतो. परत धरले तर आत्या थकबाकीदार ठरते. तीर्थरूपांनी यावर दोन रात्री विचार केला आणि सातवा रकाना आखला : ‘फेर’. मग त्यांनी तेच कार्ड, तिचा कागद सोडवून, त्यावर आपला नवा कागद डकवून, पुन्हा जालन्यास रवाना केले. एक उंट अशा रीतीने नगर ते जालना पाच वेळा जाऊन आल्याची नोंद आहे. परतीच्या शेवटच्या फेरीत त्याला तीनच पाय होते. अखेर आईने मध्यस्थी करून बहिणीला दरसाल कोरे करकरीत कार्ड जावे असे ठरविले, आणि मग तेवढी एकच नवी जावक आणि एकच जुनी आवक, असा पाटाच्या पाळीसारखा संथ क्रम लागला.

त्यानंतर एके वर्षी ताई तापाने पडली आणि अक्षरांचे काम धाकट्याकडे आले. मजकूर साधा होता. जगात शांती नांदो, एवढेच त्याला चाळीस वेळा लिहावयाचे होते. एकोणचाळीस वेळा त्याने ते बिनचूक लिहिले. चाळिसाव्या वेळी झोप आली असावी किंवा भेंडीच्या भाजीची हाक ऐकू आली असावी. ‘ती’ची वेलांटी काढण्याचे राहून नुसता काना उभा राहिला, आणि ‘जगात शांता नांदो’ असे कार्ड तयार झाले. तपासनीस या नात्याने तीर्थरूप प्रत्येक कार्ड डोळ्यांखालून घालीत, परंतु तेही त्या रात्री ताईच्या उशाशी बसलेले होते. ते कार्ड कोणाच्या पाकिटात पडले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

चार दिवसांनी जालन्याहून उलट टपाली एक पोस्टकार्ड आले. दादा, तू माझ्यासाठी इतकी प्रार्थना करतोस हे मला ठाऊक नव्हते, एवढ्याच अर्थाच्या दोन ओळी होत्या, आणि त्या स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या शाईने, कोणाचेही काही न उलटविता लिहिलेल्या होत्या. तीर्थरूपांनी ते पोस्टकार्ड वाचले, पुन्हा वाचले, वहीतील तपशिलाशी ताडून पाहिले आणि प्रकरण काय आहे ते त्यांच्या ध्यानात आले. चुकीची दुरुस्ती कळविणे हे कर्तव्य होते. त्यांनी मसुदा लिहिलासुद्धा. मला त्याचे पहिले वाक्य आठवते, कारण ते ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे होते. पण तो मसुदा रवाना झाला नाही. वहीच्या पुठ्ठ्यात अद्याप घडी घालून ठेवलेला आहे.

पुढच्या डिसेंबरात आम्ही सगळे त्या कार्डाच्या परतीची वाट पाहू लागलो. बावीस तारखेस जालन्याचे पाकीट आले. आत तीन वर्षांपूर्वीचे कार्ड होते. त्याच्या पुढच्या वर्षी पाच वर्षांपूर्वीचे. त्याहून पुढे जुना साठा संपला असावा, कारण एके वर्षी शाळेच्या शिवणाच्या नमुन्यातील चिंधीवर धाग्याने भरलेला तारा आला. शांतेचे कार्ड आले नाही. तीर्थरूप दर पहिल्या तारखेस दप्तर सोडीत आणि नव्या पानावर प्रथम ‘मागील बाकी’ ओढीत : ‘येणे : मुक्काम जालना, नग 1.’ ती रक्कम आता माफ करून टाका, असे आई सुचवी. रुजू झाल्याखेरीज नोंद खोडता येत नाही, असे तीर्थरूप म्हणत.

पेन्शनीत गेल्यावर ते एकदा जालन्यास जाऊन आले. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही; आत्याची प्रकृती बरी आहे, शाळेला नवी यंत्रे मिळाली आहेत, आणि वाटेत गाडी दोन तास रखडली, एवढेच कळले. मात्र त्या रात्री, डिसेंबर यावयास चांगला सहा महिन्यांचा अवधी असता, त्यांनी दप्तर मागितले, तांबडा खारवा सोडला, आणि जालन्याच्या बाकीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘कार्ड मजकूर जागेवर, आरशाशेजारी भिंतीस लावलेले, समक्ष पाहिले. बाकी कायम.’